बटणबाईंचा नियम

पाचवीच्या वर्गशिक्षिकेच्या खणात काय असावं? खडू, डस्टर, जप्त केलेल्या गोट्या, फार तर लिमलेटच्या दोन-चार गोळ्या. या बाईंच्या खणात सुया असायच्या, दोऱ्यांची रिळं असायची आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात गच्च भरलेली बटणं असायची. पाढे म्हणून घेता घेता त्या कुणाच्या तरी शर्टाचं बटण लावत असायच्या. सातचा पाढा चुकला की दातांनी दोरा तोडायच्या आधी त्या पोराकडे अशा काही बघायच्या की आठचा आपोआप बरोबर यायचा. शाळेत त्यांचं नाव केव्हाच बटणबाई पडलं होतं. पोरं पाठीमागे म्हणायची, पालक तोंडावर म्हणायचे, आणि बाईंनी त्याबद्दल कधी नाक मुरडलं नाही.

हा नाद त्यांना लागला तो छावणीमुळे. गाव टेकडीच्या पायथ्याशी, टेकडीवर छावणी, आणि वर्गातली निम्मी मुलं छावणीतल्या लाइनींमधून, म्हणजे फौजी घरांच्या रांगांमधून, दप्तरं पाठीवर टाकून खाली यायची. लाइनींतली एक गंमत बाईंना फार पूर्वी कळली होती. तिथल्या घरांत बटणं आया लावत नाहीत, बाप लावतात. भरती झाल्या झाल्या माणसाच्या हातात बंदुकीआधी सुई देतात म्हणे, आणि मग ती सवय जन्मभर जात नाही. बापाने लावलेलं बटण लगेच ओळखू यायचं. रंगाला रंग दोरा, बटणाखाली घट्ट वेढा, आणि गाठ अशी लपवलेली की शोधून सापडू नये. शर्ट फाटेल पण बटण तुटणार नाही. मग एखाद्या सकाळी पांढऱ्या शर्टावर काळ्या दोऱ्याचं लोंबकळतं बटण दिसायचं, आणि बाईंना कळायचं की याच्या बाबांची लांब सरहद्दीच्या चौकीवर रवानगी झाली. आता सगळं घर आईच्या एकटीच्या अंगावर, आणि बटणापर्यंत तिचे हात पोचणार कधी?

बाईंनी स्वतः जन्मात गाव सोडलं नव्हतं. जन्मल्या त्या गल्लीच्या वरच्या टोकाला आणि लग्न होऊन गेल्या त्याच गल्लीच्या खालच्या टोकाला, बेकरीवाल्यांच्या घरात. त्यामुळे अर्ध्या वर्षात बिऱ्हाड उचलून आलेलं पोर दारात उभं राहिलं की त्यांच्या पोटात तुटायचं. ही मुलं एक तर फार हुशार वाटायची नाही तर फार ढ, आणि खरं तर दोन्ही नसायची. एखाद्याने नद्यांचा धडा तीन शाळांत तीनदा शिकलेला असायचा आणि अपूर्णांक एकाही शाळेत नाही, कारण हा पोचेपर्यंत सगळीकडे अपूर्णांक होऊन गेलेले. म्हणून बाई नव्या मुलाला पहिल्या दिवशी एवढंच विचारायच्या, ‘तुला काय शिकून शिकून कंटाळा आलाय?’ त्या तासाला त्याला सुट्टी. तेवढ्या वेळात बाई त्याला शेजारी बसवून घरच्या पावाचे तुकडे करत अपूर्णांक शिकवायच्या, आणि शिकून झालं की दोघं मिळून ते अपूर्णांक खाऊन टाकायचे.

वर्गाचीही एक रीत होती. जो शेवटी आला तो ‘नवा’ किंवा ‘नवी’. पुढचं कुणी येईपर्यंत हे नाव त्याच्याकडे राहायचं, मग त्याने ते दुसऱ्याला द्यायचं आणि स्वतः जुन्यात जमा व्हायचं. नाव पुढे देताना नव्याला मधल्या सुट्टीत सगळी शाळा हिंडवून दाखवायची, कुठला नळ गळतो आणि कुठल्या सरांना हसू येतं ते सांगायचं, असा नेम. बाईंना या रीतीचा अभिमान होता, पण त्याहून मोठा अभिमान होता तो त्यांच्या नियमाचा.

नियमाला कारण घडलं होतं. फार वर्षांपूर्वी बदली तासाला आलेल्या एका शिक्षिकेने एका मुलाला भर वर्गात उभं करून विचारलं होतं, बाबा कुठे असतात, परत कधी येणार, तिकडे भीती नाही का वाटत? त्या शिक्षिकेचा स्वभाव वाईट नव्हता, नुसतं जिभेला हाड नव्हतं. तो मुलगा बाकावर डोकं टेकून जो बसला तो शाळा सुटेपर्यंत उठला नाही. बटणबाईंचा संताप असा की शिक्षकांच्या खोलीतल्या कपबशा वाजल्या. त्या दिवसापासून त्यांनी शाळेत नियमच करून टाकला: बाबांचा विषय काढायचा नाही. लाइनीतल्या मुलापुढे तर नाहीच नाही. विषय निघालाच तर वळवायचा.

आणि बाईंनी एखादा नियम करावा आणि तो पाळला जाऊ नये, असं त्या शाळेत होत नसे. पुस्तकातला वडिलांवरचा धडा पाचवीला कधी शिकवलाच जात नसे. ‘माझे बाबा’ हा निबंध जाऊन त्याच्या जागी ‘माझी छत्री’ आला, आणि पाचवी पास झालेल्या प्रत्येकाला छत्रीबद्दल जरुरीपेक्षा जास्त माहिती असायची. पीटीच्या सरांना, घंटेवाल्या काकांना, अगदी कचरा न्यायला येणाऱ्या बाईलासुद्धा नियम पाठ. दर पालकसभेत बाई लाइनीतल्या आयांना बजावायच्या, घरी उगाच विषय काढू नका, मूल हळवं होतं. वर्गातली मुलं तर यात पटाईत झाली होती. लाइनीतलं पोर जवळ आलं की ‘माझे बाबा’ म्हणून सुरू झालेलं वाक्य मधेच वळून चेंडूवर जायचं. सगळी अळीमिळी गुपचिळी.

त्या वर्षी मोठ्या बाईंनी, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकेने, आसपासच्या सगळ्या शाळांतल्या शिक्षकांची सभा ठरवली. फौजी घरातली मुलं कशी सांभाळावीत यावर कुणी बोलावं, तर बटणबाईंनीच, यात कुणाला शंका नव्हती. बाई वरवर नको नको म्हणाल्या आणि घरी येऊन तयारीला लागल्या. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्या भाषण म्हणून दाखवत होत्या आणि त्यांचे यजमान बेकरीवाले कणकेचे गोळे तोलत ऐकत होते. भाषणाचा गाभा अर्थातच नियम.

बेकरीवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, भाषण छान आहे, पण आपल्याला काही ते पटलं नाही. का नाही, तर बायको ओरडत असते तोवर आपण बिनघोर असतो. भट्टी करपली, पीठ सांडलं, काय असेल ते कळतं तरी. “तू गप्प बसलीस ना, की काय झालंय ते शोधत मी घरभर फिरतो.”

बाई म्हणाल्या की इथे मुलांबद्दल चाललंय, नवऱ्यांबद्दल नाही. बेकरीवाले हसले आणि गोळे तोलत राहिले. बाईंनी भाषणातला एक शब्द बदलला आणि ही गोष्ट तिथेच विसरून गेल्या.

त्या वेळची वर्गातली नवी ही चौथी शाळा बघणारी मुलगी होती. दोन घट्ट वेण्या, गुडघ्यावर जुनी खपली, आणि प्रश्न विचारायची मोठी हौस. आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिने बाईंना सांगितलं होतं की तिला नद्यांचा, पर्वतांचा आणि पाण्याच्या तीन अवस्थांचा कंटाळा आलाय. अपूर्णांक तिने पावासकट पटापट संपवले. मागच्या छावणीतून आणलेला एक दोरीवरच्या उड्यांचा खेळ तिने सगळ्या मुलींना शिकवला. बिऱ्हाड लागतंय न लागतंय तोच तिच्या बाबांची वर डोंगरातल्या चौकीवर नेमणूक झाली. तिच्या बाहीवर काळ्या दोऱ्याचं बटण आलं आणि बाई ओळखून चुकल्या. त्यांनी सगळ्या शिक्षकांना डोळ्यांनीच खूण केली. नियम लागू.

त्यानंतर नवी हळूहळू विझत गेली. दोरीवर उड्या मारेना, प्रश्न विचारेना. खिडकीजवळची जागा सोडून ती दाराजवळच्या बाकावर जाऊन बसू लागली. दप्तर बाकात न ठेवता मांडीवर घेऊन बसायची, कधीही उठून जायचं असल्यासारखं. डबा तसाच परत न्यायची. खडू आणायला शिक्षकांच्या खोलीत गेली की तिथलं बोलणं थांबायचं, आणि ती एकेकाच्या तोंडाकडे निरखून बघायची. बाईंना वाटलं, बाबांची आठवण येतेय पोरीला. म्हणून त्यांनी नियम आणखी घट्ट केला. पीटीच्या सरांना सांगितलं, तिला धावायचं नसेल तर बसू द्या. गणित चुकलं तरी तिच्या वहीवर लाल शाई उठेनाशी झाली. करायला जावं एक आणि व्हावं भलतंच, म्हणतात ते असं.

एके दिवशी मधल्या सुट्टीत तिच्या बाहीचं बटण शेवटी तुटलंच. सगळी मुलं मैदानावर गेली होती. बाईंनी तिला शेजारी बसवलं, डब्यातून जोडीचं बटण शोधलं आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेऊन लावायला लागल्या. एरवी बटण लावताना बाईंच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा: कुठे गेला होतास झटापट करायला, बटणं काय झाडाला लागतात का, पुन्हा तुटलं तर तुझ्या कानाला लावीन. आज त्या जपून गप्प होत्या. मैदानावरचा गलका खिडकीतून आत येत होता. नवी बाईंच्या तोंडाकडे बघत होती.

“बाई,” ती म्हणाली, “तुम्हाला कधी कळलं?”

“काय गं?”

“बाबांचं.”

बाईंना काही उमगेना. त्यांनी सुई तशीच धरून विचारलं, बाबांचं काय? नवीचा आवाज अगदी सरळ होता. रडणं नव्हतं, कापणं नव्हतं. किती दिवस मनात घोकून ठेवलेलं तिने म्हणून टाकलं.

“आमच्या मागच्या छावणीत खालच्या घरातले काका होते ना, त्यांचं असंच झालं. सगळ्यांना आधी कळलं होतं. त्यांची मुलगी आली की सगळे गप्प व्हायचे. तिला कुणी ओरडायचं नाही, खेळात आउट द्यायचं नाही. तिला सगळ्यात शेवटी सांगितलं. मीसुद्धा गप्प बसले होते, आईने सांगितलं होतं म्हणून.” मग ती खाली बघत म्हणाली, “तुम्ही बटणासाठी सगळ्यांना ओरडता. मला नाही ओरडलात.”

बाईंच्या हातातली सुई बोटात घुसली ती त्यांना कळलीही नाही. आजवर आपण मायेने जे झाकून ठेवलं समजत होतो, ते या पोरीने एकटीने, दप्तर मांडीवर घेऊन, वाहिलं होतं. रोज शाळेत येताना तिला वाटत असणार, आज सांगतील. आणि रोज कुणीच काही सांगत नसणार. आता आपल्याला रडायची चैन परवडणार नाही हे त्यांना पक्कं कळत होतं.

“हे बघ,” त्या म्हणाल्या, “माझ्याकडे नीट बघ. मला काही माहीत नाही. काही म्हणजे काहीच नाही. कुणी मला काही सांगितलेलं नाही. मी गप्प होते कारण मी मूर्ख आहे.”

नवीने बराच वेळ त्यांचं तोंड वाचलं. खोटं बोलणाऱ्या मोठ्या माणसांची तिला चांगली ओळख होती. मग तिने विचारलं, “मग आई का रडते?”

याचं उत्तर जिथे आहे तिथे जावं एवढी अक्कल बाईंना त्या घटकेला आली. वर्ग पीटीच्या सरांच्या गळ्यात टाकून, अर्धं लावलेलं बटण आणि त्याला लोंबणारी सुई तशीच ठेवून, त्या नवीचा हात धरून टेकडी चढायला लागल्या. बाईंचं वजन आणि टेकडीचा चढ यांचं कधीच जमलेलं नव्हतं. धापा टाकत त्या मनात एकच म्हणत होत्या, त्या घरी सगळं धड असू दे. आपण काही माहीत नाही म्हणालो ते खरं होतं. पण माहीत नसणं आणि काही झालेलं नसणं, या दोन गोष्टी वेगळ्या.

नवीच्या आईने दार उघडलं तेव्हा तिचे हात साबणाने भरलेले होते. शाळेच्या वेळात बाई आणि मुलगी दारात बघून तीच पांढरी पडली. बाईंनी उंबऱ्यातच, श्वास न घेता, एका दमात सगळं सांगून टाकलं. आई आधी मुलीकडे बघत राहिली, मग तिथल्या स्टुलावर बसली.

फोन परवाच आला होता, ती म्हणाली. त्याच्या आधीही आला होता. चौकीवरून फोन लागतो तो सकाळचा, मुलगी शाळेत असताना. आपण बोलून घेतो आणि संध्याकाळी तिला काही सांगत नाही, कारण आपल्याला बोलायला मिळालं नाही म्हणून ती आणखी हिरमुसेल. नंतर डोळे लाल दिसले तर कांदा चिरला म्हणून सांगतो. एवढं बोलून तिने बाईंकडे बघितलं. तिच्या बघण्यात राग नव्हता, पण बाईंना तो असता तर बरं वाटलं असतं.

“तुम्हीच सांगितलं होतंत ना पालकसभेत. विषय काढू नका म्हणून.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसाला वाटतं म्हणतात. बाईंना त्या साबणाच्या बादलीतसुद्धा चाललं असतं. नवीचं मात्र या दोघींकडे लक्षच नव्हतं.

“परवा काय म्हणाले बाबा?” तिने विचारलं.

“सर्दी झालीय म्हणाले. नाकातनं बोलत होते. आणि एक मोजा हरवलाय.”

“कुठला?”

“डावा.”

नवीने यावर जरा विचार केला. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता आईच्या ओल्या कुशीत शिरून इतकी रडली की तिची एक वेणी सुटली. बाईंनी दाराकडे तोंड केलं आणि छावणीच्या रस्त्याकडे बघत आपलं जे काय रडायचं ते रडून घेतलं. मग आईने चहा केला. चहा पिता पिता बाईंनी ते बटण पुरं लावलं आणि तिघींत असं ठरलं की यापुढे फोन आला की आई संध्याकाळी शब्दन्‌शब्द सांगणार, आणि सुट्टीच्या सकाळी तो आलाच तर आधी मुलीच्या हातात देणार. फोन नाही आला तर नाही आला असंही सांगणार.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या त्या हजेरी न घेताच उभ्या राहिल्या. मुलांना त्यांनी सांगितलं की आजवरचा नियम रद्द. का रद्द, तर तो चुकीचा होता, आणि तो त्यांनी स्वतः केला होता. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी नवीला विचारलं, “काय गं, बाबांची सर्दी कशी आहे?”

नवी उभी राहिली आणि म्हणाली की काल फोन नाही आला, त्यामुळे माहीत नाही. पण डावा मोजा हरवलाय. त्यावर वर्ग असा फुटला की शेजारच्या वर्गातून ठोठावलं गेलं. मोजा हरवला कसा? वाऱ्याने नेला असेल. उंदराने नेला असेल. चौकीवर उंदीर असतात का? मग एका पायात काय घालतात? नवी उत्तरं देत होती, न येणारी उत्तरं मनाने बनवत होती, आणि लाइनीतली दुसरी मुलं, आजवर शहाण्यासारखी गप्प बसलेली, आता हात वर करकरून आपापले बाबा सांगायला लागली होती. कुणाचे बाबा झोपेत कवायत घ्यायचे, कुणाचे डोंगरातल्या चौकीवर असून उंचीला घाबरायचे. अपूर्णांकांची त्या दिवशी वाट लागली. आठवड्याने नवीने मुद्दाम बटण तोडून आणलं, बाईंनी तिला कान पकडून चार शिव्या घातल्या, आणि बाहीवर जोडीचं बटण लागेपर्यंत पोरगी ऐटीत बसली होती.

रोज सकाळी आता वर्ग हजेरीआधी विचारायचा, मोजा सापडला का? कधी नवी सांगायची, नाही. कधी सांगायची, कालही फोन नाही आला. फोन नाही आला की तिचं तोंड उतरायचं, आणि ते सगळ्यांना दिसायचं, आणि शेजारची मुलगी तिला आपला अर्धा पाव द्यायची. बाईंना हळूहळू कळत गेलं की दुःख गेलेलं नाही, ते जाणारही नाही. फक्त आता ते एकटीचं राहिलेलं नाही.

शिक्षकांची सभा झाली ती याच सुमाराला. लिहिलेलं भाषण बाईंनी घरीच ठेवलं. त्यांनी एवढंच विचारलं की आपल्या वर्गातल्या कुठल्या मुलाचे बाबा सध्या घरी नाहीत हे इथे कुणाकुणाला माहीत आहे? सगळे हात वर. मग विचारलं, या आठवड्यात त्या मुलाला बाबांबद्दल काही विचारलंय असे किती? हात खाली आले. बाईंनी मग आपली फजिती, सुई बोटात घुसल्यासकट, सांगितली. भर वर्गात खोदून विचारू नका, पण विचारा, असं म्हणाल्या आणि बसल्या. भाषण इतक्यात संपलं की चहा तयार नव्हता, आणि मोठ्या बाईंचा त्यावरचा राग पुढे बरेच दिवस टिकला.

आणि मग एका सकाळी, बाई भागाकार शिकवत असताना, घंटेवाले काका वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. काका एरवी लांबूनच हाक मारत येणारे. आज ते काही न बोलता आले आणि बाईंना दाराबाहेर बोलावून खालच्या आवाजात म्हणाले, फाटकाशी वर्दीतला एक माणूस आलाय. नवीला खाली पाठवा म्हणतोय.

बाईंनी विचारलं, कोण आहे? काका म्हणाले, विचारलं नाही. का नाही विचारलं? काकांनी दुखावल्यासारखं बघितलं. “तुम्हीच सांगून ठेवलंय ना, विषय काढायचा नाही.”

सगळ्या शाळेला नियम रद्द झाल्याचं सांगताना बाईंचं घंटेवाल्या काकांना सांगायचं राहून गेलं होतं. पण आता काकांवर चिडायला वेळ नव्हता. नवीच्या घरी गेले काही दिवस फोन आलेला नव्हता, हे वर्गाला माहीत होतं, बाईंना माहीत होतं, आणि नवीला तर होतंच. आत सगळा वर्ग दाराकडे बघत होता. नवी आपणहून उठली होती. तिने दप्तर छातीशी धरलं होतं, आणि ती बाईंच्या तोंडाकडे बघत होती.

आयुष्यात कधी नव्हे ते बाईंना मनापासून गप्प बसावंसं वाटत होतं. पण आपण आत्ता गप्प बसलो तर या पोरीला जिना उतरायच्या आधीच सगळं सांगितल्यासारखं होईल, हे त्यांना कळत होतं. त्यांनी तिचा हात धरला आणि बोलायला सुरुवात केली.

“कोण आलंय मला माहीत नाही. काकांनी विचारलं नाही. आपण दोघी बघू,” त्या म्हणाल्या, आणि मग थांबल्याच नाहीत. ओट्यावरची फरशी कशी निघालीय ते सांगितलं. पीटीच्या सरांची शिट्टी मागच्या वर्षी कशी विहिरीत पडली आणि तिच्यावाचून सर दोन दिवस टाळ्या वाजवत कसे फिरले ते सांगितलं. बाबांना चहात साखर किती लागते विचारलं. नवी म्हणाली, दोन चमचे, आई एकच घालते. मग बाबा काय करतात? गुपचूप दुसरा घालतात. जिना आला. बाईंनी पायऱ्यांवर छत्र्यांबद्दल भाषण केलं. आवाज चिरकत होता, वाक्यं एकमेकांत अडकत होती, पण त्यांनी एकही जागा रिकामी सोडली नाही. नवीचा हात त्यांच्या हातात बर्फासारखा होता, आणि ती प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होती.

फाटकाशी पाठमोरा एक माणूस उभा होता. पायाशी वर्दीच्याच रंगाची मोठी पिशवी, हातात बेकरीवाल्यांच्या दुकानातली कागदी पुडी. पावलं वाजली तसा तो वळला. उन्हाने रापलेला चेहरा, आणि लाल झालेलं नाक.

नवीने बाईंचा हात सोडला. दप्तर खाली पडलं. ती धावली की उडाली हे बाईंना डोळ्यांतल्या पाण्यामुळे नीट दिसलं नाही. तो माणूस गुडघ्यांवर बसला होता आणि मुलीच्या डोक्यावर हनुवटी टेकवून सांगत होता की रजा अचानक मिळाली, दोन दिवस गाड्याच बदलतोय, फोन करायला जमलंच नाही, म्हटलं घरी जायच्या आधी तुलाच गाठावं.

तेवढ्यात वर गलका झाला. पाचवीचा सगळा वर्ग खिडक्यांना लटकला होता.

“काका, मोजा सापडला का?”

त्या माणसाने वर बघितलं, मुलीकडे बघितलं, मग बाईंकडे. सगळ्या शाळेला आपला मोजा कसा ठाऊक, हे काही त्याच्या ध्यानात येईना. त्याने गोंधळून मान हलवली, नाही सापडला म्हणून, आणि वरून अशी हळहळ उठली की रस्त्यावरचे दोघे-तिघे थांबून बघायला लागले.

बाई अजून बोलतच होत्या. सर्दीला काय घ्यावं, पाव गरम आहे तोवर कसा खावा, टेकडीचा चढ किती वाईट. एकदा सुटलेली जीभ त्यांना आवरत नव्हती. नवीने बापाच्या खांद्यावरून मान वर केली आणि बाईंकडे बघितलं.

“बाई,” ती म्हणाली, “आता गप्प बसलात तरी चालेल.”